नोटरी नोंदवही

नोटरीने केलेल्या साक्षांकनाची, शपथेची वा प्रमाणनाची नोंद ज्या वहीत होते ती नोटरी नोंदवही. नोटरी अधिनियम, १९५२ अन्वये केलेल्या नोटरी नियम, १९५६ मधील नियम ११ नुसार अशी वही विहित नमुन्यात ठेवणे प्रत्येक नोटरीवर बंधनकारक आहे. वही वापरात आणण्यापूर्वी तिच्या मुखपृष्ठावर एकूण पानांची संख्या नमूद करून नोटरीने तारखेसह सही करावयाची असते. मधले एखादे पान पुढे नाहीसे झाले, तर ते या दाखल्यावरूनच उघडे पडते.

नोंद एका ओळीची असते. अनुक्रमांक, तारीख, कृत्याचा प्रकार, संबंधितांची नावे, दस्ताचा थोडक्यात आशय, शुल्क आणि सह्या एवढेच तिच्यात मावते. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील न्यायालयांच्या आवारात ही वही पक्षकारापुढे सरकवली जाते तेव्हा सहीच्या रकान्यात पुष्कळदा अंगठाच उमटतो, आणि शाई जास्त झाली तर तो शेजारच्या ओळीवरही पसरतो; म्हणून जाणता नोटरी अंगठ्यालगत नाव लिहून घेतो. पक्षकार अहिराणी किंवा भिली बोलणारा आणि दस्त कचेरीच्या मराठीत, ही येथील नित्याची बाब असली, तरी मजकूर कोणत्या भाषेत समजावून सांगितला यासाठी नमुन्यात रकाना नाही, ही उणीवच म्हणावी लागेल.

वही तपासण्याचा अधिकार जिल्हा न्यायाधीशांना किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याला असतो. ही तपासणी वर्षातून जास्तीत जास्त दोनदा करता येते, आणि गैरप्रकार आढळल्यास ते कारवाईसाठी शासनाकडे अहवाल पाठवू शकतात. याशिवाय मागील वर्षातील कामांचे विवरणपत्र नोटरीने दर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शासनाला सादर करावयाचे असते.

सर्वसामान्यांचा गोंधळ होतो तो नकलेबाबत. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या स्थावराच्या दस्ताचे पुस्तक क्रमांक १ नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ नुसार शुल्क भरून कोणालाही पाहता येते व त्यातून नक्कल मिळते. नोटरीच्या वहीत मात्र दस्ताचा मजकूरच उतरवलेला नसतो. शेताची सौदा पावती ‘नोटरी करून’ घेतलेला शेतकरी मूळ कागद हरवल्यावर नक्कल मागायला येतो, तेव्हा फार तर त्या दिवशी कोणी, कशावर सही केली एवढे त्याला कळू शकते. तारीख वा अनुक्रमांक ठाऊक नसेल, तर तेवढ्यासाठीही पानन् पान चाळावे लागते.

दिवाणी दाव्यात सही नाकारली गेली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ अन्वये समन्स काढून नोटरीला वहीसह साक्षीस बोलावता येते. अशा वेळी दस्तावरील अनुक्रमांक वहीतील ओळीशी जुळतो का, आणि तिच्या मागच्या-पुढच्या नोंदींच्या तारखा क्रमाने आहेत का, यावर उलटतपासणीचा भर असतो.