फेरे पडले नाहीत तर घाबरा

मेच्या उन्हात वरंधा घाटात माझी मोटारसायकल तीनदा बंद पडली. सावलीत दहा मिनिटं थांबलं की सुरू, तापली की पुन्हा ठप्प. महाडच्या मेकॅनिकने प्लग काढून इंजिनाला टेकवला, किक मारली आणि म्हणाला, "करंटच नाही. सीडीआय गेलाय." सीडीआय म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल. हँडलला लिंबू-मिरची होतीच. तिचा आणि करंटचा काही संबंध नसावा.

घाटात गाडी बाजूला घेता येते. पण एनसीसीचे छात्र ज्या पिपिस्ट्रेल व्हायरस विमानात बसतात, त्याच्या रोटॅक्स 912 इंजिनातही सीडीआयच असतो! फक्त तिथे एकाऐवजी दोन असतात.

या इंजिनात फ्लायव्हीलमधली चुंबकं फिरली की कॉइलमध्ये वीज तयार होते, म्हणजे ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. ही वीज मॉड्यूलमधल्या कपॅसिटरमध्ये साठते. नेमक्या क्षणी ट्रिगर कॉइलचा इशारा येतो, थायरिस्टर नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचचं दार उघडतं आणि सगळा साठा एका झटक्यात इग्निशन कॉइलमध्ये रिकामा होतो. व्होल्टेज हजारोंच्या घरात जातं आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते. फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 5500 फेरे घेत असेल, तर दोन फेऱ्यांना एक याप्रमाणे एका सिलिंडरला तेवढ्या वेळात 2750 ठिणग्या लागतात.

या मॉड्यूलचा शत्रू म्हणजे उष्णता. तांबं, सोल्डर, प्लॅस्टिक सगळं कमीजास्त प्रसरण पावतं. तापणं-निवणं चालू राहिलं की सोल्डरला केसासारखी चीर पडते. गार असताना ती मिटलेली असते, तापल्यावर उघडते. म्हणून टेबलावर तपासलं की मॉड्यूल ठणठणीत!

विमानाच्या या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, दोन्ही वेगवेगळ्या मॉड्यूलवर. समजा, एक मॉड्यूल हजार उड्डाणांत एकदा दगा देतं. मग दोन्ही एकदम जाण्याची शक्यता दहा लाखांत एक. पण हा गुणाकार दोघांचे आजार वेगळे असतील तरच खरा. एकाच वयाची, शेजारी-शेजारी बसवलेली, एकाच गरम हवेत भाजणारी मॉड्यूल्स त्याला फारशी जुमानत नाहीत. "डबल आहे, म्हणजे सेफ" हे म्हणूनच अर्धसत्य.

उड्डाणापूर्वी मिनिटाला 4000 फेऱ्यांवर वैमानिक आधी एक मॉड्यूल बंद करून बघतो, मग दुसरं. एकाच प्लगची ज्योत पसरायला वेळ घेते, म्हणून फेरे कमी होतात. 300 पर्यंत घट चालते; दोन्हींच्या घटीत 115 पेक्षा जास्त फरक चालत नाही.

आणि फेरे पडलेच नाहीत, म्हणजे कमी झालेच नाहीत, तर? नवशिका खूश होतो, जाणकार इंजिन बंद करतो. कारण मॉड्यूल 'बंद' करणं म्हणजे त्याची एक वायर इंजिनाच्या धातूला, म्हणजे अर्थिंगला टेकवणं. ती वायर तुटली असेल, तर स्विच बंद असूनही मॉड्यूल जिवंतच राहतं. जुन्या इंजिनात ठिणगीची वीज मॅग्नेटो हे चुंबकाचं यंत्र बनवतं; त्याला हळू फिरवलं तरी झटका देणारी स्प्रिंग, म्हणजे इम्पल्स कपलिंग असेल, तर हाताने प्रोपेलर हळू फिरवला तरी ठिणगी पडू शकते. चावी काढलेल्या विमानाच्या प्रोपेलरलाही जाणकार टेकत नाहीत, ते यामुळेच.