जुन्या रणगाड्यात नवा रेडिओ

सोव्हिएत बनावटीच्या टी-७२ रणगाड्यात मूळचा रेडिओ असायचा आर-१२३. व्हॉल्व्हवर (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांवर) चालणारा, २० ते ५१.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला, चार फ्रिक्वेन्सी आधीच लावून ठेवायची सोय असलेला. आज त्याच्या जागी ३० ते ८८ मेगाहर्ट्झचा डिजिटल रेडिओ येतो. चार बोल्ट काढले, चार लावले की झालं, असं वाटतं. खरी डोकेदुखी रेडिओच्या डब्याबाहेर असते.

सुरुवात अँटेनापासून. आर-१२३ मध्ये फ्रिक्वेन्सी लावली की नॉब फिरवून अँटेना तिच्याशी जुळवून घ्यायची. नवा रेडिओ शत्रूला चकवण्यासाठी फ्रिक्वेन्सी सतत बदलतो. अमेरिकी लष्कराचा सिंकगार्स हा रेडिओ तर सेकंदाला शंभराहून जास्त वेळा. तिथे नॉब फिरवणार कोण? शिवाय अँटेनाची काठी साधारण पाव तरंगलांबीएवढी लागते, आणि ती ३० मेगाहर्ट्झला होते अडीच मीटर आणि ८८ ला जेमतेम ८५ सेंटिमीटर. दोन्ही टोकं एकाच काठीने सांभाळायची, म्हणून बुडाशी जुळणीचं सर्किट असलेली ब्रॉडबँड अँटेना लावावी लागते. जुनीच काठी ठेवली तर बरीचशी शक्ती उलटी रेडिओकडे येते, अ‍ॅम्प्लिफायर तापतो आणि रेडिओ स्वतःला वाचवायला शक्ती घटवतो. पल्ला कमी झाला की मग खापर मात्र नव्या रेडिओवर फुटतं.

नव्या अँटेनाचं बूड जुन्या भोकांवर बसत नाही. त्यासाठी चिलखताला नवी भोकं पाडण्यापेक्षा मधे अडॅप्टर प्लेट घालावी. प्लेटखालचा रंग मात्र उघड्या धातूपर्यंत खरवडायलाच हवा, कारण रणगाड्याचं अंग हा अँटेनाचाच दुसरा अर्धा भाग आहे. प्लेट आणि चिलखत यांच्या सांध्याचा विद्युत रोध साधारण २.५ मिलिओहमच्या आत असावा. साध्या मल्टिमीटरने हे कळत नाही, त्याच्या वायरींचाच रोध याहून जास्त असतो. चार तारांचा मिलिओहममीटर घ्यावा. मोजून झाल्यावर कडा सीलंटने बंद कराव्यात, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथे गंज धरतो.

विजेचं दुखणं वेगळं. चालू जनरेटरवरचा मोठा भार अचानक तुटला की २४ व्होल्टच्या गाडीत क्षणभर विजेचा दाब (व्होल्टेज) भलताच चढतो. लष्करी वाहनांच्या विजेसाठीचं अमेरिकी मानक, एमआयएल-एसटीडी-१२७५, ५० मिलिसेकंदांसाठी १०० व्होल्टपर्यंतची उसळी गृहीत धरतं. म्हणून रेडिओच्या आधी फिल्टर आणि उसळी रोखणारं सर्किट लागतं. इंजिन सुरू करताना उलट होतं: दाब कोसळतो, आणि रेडिओला जोडलेला संगणक नेमका तेव्हाच पुन्हा बूट होतो.

रेडिओ टरेटमध्ये, म्हणजे तोफेसह गोल फिरणाऱ्या वरच्या भागात, आणि बॅटऱ्या खालच्या सांगाड्यात, त्यामुळे वीज फिरत्या स्लिप रिंगमधून, म्हणजे कड्यांवर घासणाऱ्या ब्रशांच्या जोडणीतून, वर जाते. ५० वॅट प्रक्षेपित करणाऱ्या रेडिओची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर त्याला १२५ वॅट लागतात, म्हणजे २४ व्होल्टवर सुमारे ५ अँपिअर. झिजलेल्या ब्रशमुळे मधे अर्धा ओहम रोध आला, तर अडीच व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. ऐकताना सगळं ठीक चालतं, बोलायचं बटण दाबलं की रेडिओ बंद! अशा वेळी रेडिओ उघडून बसू नये. बोलताना त्याच्या प्लगवर व्होल्टमीटर धरावा.

ज्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो तो मायक्रोफोन. सोव्हिएत रणगाड्यांत तो गळ्याला लावायचा असे. इंजिनाचा गोंगाट तो छान टाळतो, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ हे दात-ओठांशी घडणारे आवाज गळ्यापर्यंत नीट पोचतच नाहीत. अनुभवी कान ती उणीव भरून काढतो. आवाज आकड्यांत दाबणाऱ्या डिजिटल रेडिओला ते जमत नाही. म्हणून इंटरकॉम (रणगाड्यातल्या माणसांची आपसात बोलायची यंत्रणा) आणि हेल्मेटचे हेडसेटही बदलावे लागतात.

कमांडरच्या रणगाड्यात दोन रेडिओ असले तर आणखी एक कटकट. एक ५० वॅटने बोलतो तेव्हा दोन मीटरवरच्या दुसऱ्या अँटेनात अर्ध्या वॅटच्या आसपास शिरू शकतं, आणि दुसरा रेडिओ ऐकू पाहत असतो वॅटच्या काही सहस्रअब्जांशाहूनही क्षीण संकेत. फिल्टर लावावेत, अँटेना टरेटच्या दोन टोकांना न्याव्यात, दोघांच्या फ्रिक्वेन्सींत अंतर ठेवावं. तरी थोडी बहिरेपणाची तक्रार उरतेच.

चाचणी घ्यायची ती आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू करून, मग टरेट पूर्ण गोल फिरवत. खरखर फक्त फिरताना आली, तर आधी स्लिप रिंग आणि टरेटची मोटर तपासावी.