बासरीवाल्या पुतळ्यापासून टॉवेलच्या घडीपर्यंत

डिसेंबर लागला की माझ्या फोनवर तीन प्रकारच्या जाहिराती एकमेकींना ढकलत येतात. एक जपानच्या नाहीतर व्हिएतनामच्या सहलीची. दुसरी व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गाची, पहाटे पाचला उठवणारी. आणि अलीकडे भर पडलेली तिसरी म्हणजे कोलांटउडी मारणाऱ्या यंत्रमानवाची चित्रफीत. वरवर पाहता या तिघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण थोडं मागे गेलं की ही एकाच घरातली भावंडं निघतात, आणि त्या घरात कापड विणलं जात होतं.

सुरुवात पॅरिसपासून करू. १७३८ साली जाक व्होकान्सों नावाच्या तरुण कारागिराने माणसाच्या उंचीचा बासरीवाला पुतळा तिकीट लावून लोकांपुढे मांडला. पोटात भाते, हलणारे ओठ, हवा अडवणारी जीभ आणि भोकांवर उचलून पडणारी बोटं. आत कुठे वाजंत्रीची पेटी लपवलेली नव्हती. पुतळा खरोखरच फुंकून बारा धुना वाजवी. मग त्याने दाणे टिपणारं, पाणी पिणारं यांत्रिक बदक केलं आणि त्याचं नाव युरोपभर झालं. इतकं, की १७४१ मध्ये फ्रेंच सरकारने त्याला रेशीम उद्योगाचा निरीक्षक नेमलं. जो बोटं हलवू शकतो तो मागही हलवील, असा साधा हिशेब. १७४५ पर्यंत त्याने आपोआप नक्षी विणणारा माग केलाही. त्याआधीच, १७४४ मध्ये, त्याच्या नव्या नियमांवरून लियाँचे विणकर रस्त्यावर उतरले होते आणि त्याला शहरातून पळ काढावा लागला होता. तो माग पडूनच राहिला. पुढे लियाँच्याच जाकार नावाच्या विणकराने त्यावरून धडा घेऊन १८०४ च्या सुमारास छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग केला, तो मात्र जगभर गेला.

आजच्या कंपन्याही हाच क्रम पाळतात. आधी गाऊन-नाचून दाखवायचं, मग कारखान्याचं दार ठोठवायचं.

आता इंग्लंड. ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला एक खास आगगाडी निघाली. सुमारे ५०० प्रवासी, भाडं एक शिलिंग, सोबत बँड. अंतर जेमतेम १८ किलोमीटर. ही सहल काढणारा थॉमस कुक पेशाने सुतार, वृत्तीने धर्मप्रचारक. दारूबंदीच्या सभेला माणसं न्यायची, चहा पाजायचा, बागेत खेळ आणि भाषणं ठेवायची, असा बेत होता. पर्यटन उद्योगाचा जन्म या गाडीत झाला असं म्हणतात, आणि ते फारसं चूक नाही. पण तिचा हेतू मौज हा नव्हता, माणूस सुधारणं हा होता. रिकामा वेळ मिळाला की कामगार गुत्त्यात जाणार. त्याआधी त्याला गाडीत बसवा. दहा वर्षांनी, १८५१ मध्ये, लंडनच्या भव्य औद्योगिक प्रदर्शनाला कुकने दीड लाखांच्या आसपास माणसं नेली. त्यातल्या अनेक कामगारांनी दर आठवड्याला थोडे थोडे पैसे साठवून भाडं भरलं होतं. सुट्टी काढून ते बघायला काय गेले, तर यंत्रं.

त्याच काळात लीड्समध्ये काही तरुण कामगार संध्याकाळी जमून एकमेकांना लिहायला-वाचायला, हिशेब करायला शिकवत होते. सुरुवातीला दोघे-तिघेच होते. संख्या वाढली तेव्हा त्यांनी एक कोंदट खोली भाड्याने घेतली. पूर्वी तिथे पटकीच्या रोग्यांचं तात्पुरतं इस्पितळ होतं. १८४५ मध्ये त्यांनी भाषणासाठी बोलावलं सॅम्युएल स्माइल्सला. हा गृहस्थ शिकला डॉक्टरकी, चालवलं वर्तमानपत्र आणि नोकरी केली रेल्वे कंपनीत सचिवाची. त्या भाषणांतून वाढत गेलेला मजकूर १८५९ मध्ये 'सेल्फ-हेल्प' म्हणून पुस्तकरूपाने आला आणि पहिल्याच वर्षी २०,००० प्रती खपल्या. आज विमानतळावरच्या दुकानात जी पुस्तकं रांगेने उभी असतात, त्यांचा हा मूळपुरुष.

'सेल्फ-हेल्प' छापलं लंडनचे प्रकाशक जॉन मरे यांनी. प्रवासाला निघालेल्या इंग्रजांच्या हातात दिसणारी लाल पुठ्ठ्याची वाटाड्या पुस्तकंही याच घराण्याची. म्हणजे 'कुठे जावं' आणि 'कसं सुधारावं' हे दोन्ही माल एकाच गल्ल्यावर विकले जात होते.

स्माइल्सच्या पुस्तकात उपदेश कमी आणि चरित्रं जास्त आहेत. ती कोणाची? सरदार-दरकदारांची थोडी, कुंभार, न्हावी, विणकर, यंत्र जुळवणारे यांचीच अधिक. त्यात जाकार आहे, आणि जाकारच्या निमित्ताने व्होकान्सोंही आहे, त्याच्या बासरीवाल्या पुतळ्यासकट आणि बदकासकट. स्वतःला घडवण्याच्या पहिल्या मोठ्या पुस्तकात यंत्रमानवाचा पूर्वज असा पाहुणा म्हणून येऊन गेला आहे. मला हे फार गमतीचं वाटतं.

आपल्याकडे सुट्टीची गोष्ट अशी चहा-बँडच्या वाटेने आली नाही. मुंबईच्या गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, आठवड्याचे सातही दिवस काम चाले. १८८१ चा कारखाना कायदा मुलांपुरता. मोठ्यांच्या सुट्टीबद्दल त्यात अवाक्षर नाही. ठाण्यात जन्मलेले, जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे १०,००० कामगार जमले. स्त्री कामगारांनीही त्या सभेत भाषणं केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. रविवारच का, याची लोखंड्यांची मांडणी अशी सांगितली जाते: रविवार हा खंडोबाचा वार, आणि सहा दिवस पोटासाठी राबल्यावर एक दिवस समाजासाठी द्यावा. म्हणजे इथेही रिकामा दिवस रिकामा ठेवायचा नव्हताच. फरक एवढाच की स्माइल्सचा कामगार सुधारतो तो स्वतःचं नशीब काढायला, आणि लोखंड्यांचा कामगार सुट्टी घेतो ती समाजाच्या कामाला. 'माझा रविवार, माझा विकास' म्हणणाऱ्या वर्गांमध्ये पहिली परंपरा जोरात आहे. दुसरीची आठवण १० जूनला कुठेतरी एखादा हार घालण्यापुरती उरली आहे. गिरणगावातली लांबची सुट्टी तर प्रवास असूनही सहल कधीच नव्हती. गणपतीला नाहीतर शिमग्याला बोटीने कोकणात जायचं, घर शाकारायचं, शेताची कामं उरकायची.

स्माइल्सचं पुस्तक पूर्वेकडे निघालं ते जपानला. शोगुनच्या, म्हणजे तिथल्या लष्करी राज्यकर्त्याच्या, सरकारने शिकायला इंग्लंडला पाठवलेल्या विद्यार्थ्यांबरोबर नाकामुरा मासानाओ नावाचे पंडित गेले होते. ते परतेपर्यंत, १८६८ मध्ये, सरकारच कोसळलं होतं. येताना एका इंग्रज स्नेह्याने हे पुस्तक भेट दिलं होतं. त्याचा जपानी अवतार १८७१ मध्ये आला आणि मेइजी काळातल्या, म्हणजे त्यानंतरच्या सम्राटाच्या राजवटीतल्या, पिढीने तो अक्षरशः डोक्यावर घेतला. लगोलग १८७२ मध्ये थॉमस कुक आपल्या पहिल्या जगप्रदक्षिणेच्या सहलीत जपानवरून गेला. २२२ दिवसांच्या त्या वाटेवर पुढे हिंदुस्थानही होता.

त्या पिढीतला एक सुताराचा मुलगा म्हणजे साकिची तोयोदा. स्माइल्सच्या संशोधकांच्या चरित्रांनी तो भारावला होता. आईला हातमागावर राबताना पाहिलेलं. १८९० मध्ये तोक्योच्या उएनो इथे यंत्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तो रोज जाऊन यंत्रांसमोर उभा राही. पुढल्याच वर्षी त्याने सुधारलेल्या लाकडी मागाचं पेटंट घेतलं. तिथून १९२४ च्या स्वयंचलित मागापर्यंत त्याचं एकच वेड होतं: धागा तुटला तर यंत्राने आपण होऊन थांबावं, माणसाने नुसतं बघत उभं राहू नये. नवा माग आडवा धागा नेणारा धोटाही न थांबता स्वतःच बदले. एकेका कामगाराकडे तीस-तीस माग देता येऊ लागले. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रमाग बनवणाऱ्या कंपनीने त्या मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले. ज्या देशातून 'स्वतःला घडवा' हा मंत्र गेला, त्याच देशाने तो लाकूड-लोखंडाच्या रूपात परत विकत घेतला. साकिचीचा मुलगा किइचिरो पुढे मोटारींकडे वळला आणि टोयोटा कंपनी उभी राहिली.

याच सुमारास मुंबईत काय चाललं होतं? १९२८ मध्ये सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. एक मोठं कारण होतं मालकांचं 'रॅशनलायझेशन': दोनाऐवजी तीन साचे, म्हणजे यंत्रमाग, एका कामगाराने सांभाळायचे. यंत्र फारसं बदलायचं नाही, माणसालाच अधिक कार्यक्षम करायचं. व्यक्तिमत्त्व विकासाची ही बाजू जाहिरातीत छापत नाहीत.

यंत्रमानवाला नाव मिळालं ते १९२० मध्ये लिहिलेल्या कारेल चापेकच्या 'आर. यू. आर.' या चेक नाटकातून. जानेवारी १९२१ मध्ये प्रागला त्याचा प्रयोग झाला. त्यातला कारखान्याचा प्रमुख जे स्वप्न विकतो ते ऐकण्यासारखं आहे: सगळी कामं यंत्रमानव करतील आणि माणूस केवळ स्वतःला परिपूर्ण करण्यासाठी जगेल. कायमची सुट्टी आणि अखंड विकास. नाटकात पुढे माणसांना मुलं होईनाशी होतात आणि यंत्रमानव उठाव करतात. आज मोठ्या कंपन्यांचे प्रमुख व्यासपीठावरून जे बोलतात, त्यात पहिल्या अंकातली वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी असतात. पुढच्या अंकांपर्यंत कोणी जात नाही.

नाटकातून प्रयोगशाळेत यायला अर्धशतक गेलं. १९७३ मध्ये तोक्योच्या वासेदा विद्यापीठात इचिरो कातो यांच्या चमूने 'वाबोट-१' हा यंत्रमानव दोन पायांवर चालवला. त्यानंतरचा 'वाबोट-२' स्वरलिपी वाचून ऑर्गन वाजवी. होंडाने १९८६ पासून गुपचूप दोन पायांवर काम केलं आणि १९९६ मध्ये १८२ सेंटिमीटर उंच, २१० किलो वजनाचा 'पी-२' दाखवला; मग २००० मध्ये लहान मुलाएवढा 'असिमो'. आणि २००५ मध्ये जपानच्या आइची प्रांतातल्या जागतिक प्रदर्शनात सुट्टीवर आलेल्या गर्दीपुढे टोयोटाच्या यंत्रमानवांनी कृत्रिम ओठांनी तुतारी वाजवली. व्होकान्सोंपासून पावणेतीनशे वर्षं होत आली होती, तरी ओठ आणि फुंकर सुटलेली नव्हती.

सहल आणि यंत्रमानव यांची थेट गाठ २०१५ मध्ये नागासाकी प्रांतात पडली. 'हेन ना' नावाच्या हॉटेलात स्वागताला यंत्रमानव बसवले होते, शेजारी एक यांत्रिक डायनोसॉरही. २०१९ मध्ये त्यांच्या २४३ यंत्रांपैकी निम्म्याहून अधिक काढून टाकली. खोलीतली बाहुली पाहुण्याच्या घोरण्यालाच प्रश्न समजून मध्यरात्री त्याला जागं करी. पासपोर्टच्या प्रती काढायला शेवटी माणूसच धावत यायचा.

असिमोच्या पिढीची अडचण अशी की प्रत्येक पावलाचं गणित अभियंत्याने आधी मांडून द्यायचं. गेल्या दहा वर्षांत पद्धतच पालटली. संगणकातल्या आभासी जमिनीवर एकाच यंत्रमानवाच्या हजारो प्रतिकृती सोडतात. त्या पडतात, तोल सावरला की गुण मिळतात, पुन्हा उठतात; जे जमलं ते खऱ्या शरीरात उतरवतात. १९ एप्रिल २०२५ रोजी बीजिंगच्या अर्ध-मॅरेथॉनमध्ये एकवीस यंत्रमानव उतरले. पहिला आलेला 'तियेनगोंग अल्ट्रा' २ तास ४० मिनिटांत पोहोचला. वाटेत पडलाही आणि बॅटऱ्याही बदलाव्या लागल्या. बरेच जण शेवटपर्यंत पोहोचलेच नाहीत. तरी पडा, उठा, पुन्हा करा, कुरकुर नको, हे स्माइल्सचं सारं पथ्य पाळणारा विद्यार्थी दीडशे वर्षांनी मिळाला तो हा. आपण मात्र सुट्टीतही मनगटाकडे बघत दहा हजार पावलं मोजतो. तो आकडासुद्धा १९६५ च्या एका जपानी पावलं-मोजणी यंत्राच्या नावातून आला आहे, वैद्यकीय संशोधनातून नव्हे.

चालणं आलं, पण बोटांचं काम यंत्राला अजून जड जातं. कपड्याची घडी घालणं तर फारच, कारण कापड दरवेळी वेगळं पडतं. त्यासाठी माणसांचे हात चित्रित करून यंत्राला दाखवावे लागतात. २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या करूर इथून अशा बातम्या आल्या: कपाळाला कॅमेरा बांधून तरुण दिवसभर टॉवेलच्या घड्या घालतात, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या वेळात, एखादी पायरी चुकली की चित्रफीत बाद. करूर हे घरगुती कापडाचं जुनं गाव, टॉवेल तिथलेच. परदेशी घरांत कपडे आवरण्यासाठी जे यंत्रमानव विकायला काढले आहेत, त्यांची शिकवणी अशी चालते. हे तरुण गिरणी कामगार म्हणायचे की मास्तर, त्यांना कोणता कारखाना कायदा लागतो आणि त्यांची आठवड्याची सुट्टी कोण ठरवतं, याची विचारणा त्या चित्रफिती पाहणाऱ्या आपल्यापैकी फारशी कोणी केलेली दिसत नाही.