उन्हाळ्यातील ठासणीची बंदूक आणि नळीतले कीट

पिकांच्या राखणीसाठी परवान्याने बाळगलेल्या ठासणीच्या बंदुका कोकणात अजूनही अनेक घरांत आहेत. वैशाखात तिचा नेम बिघडला की ‘नळी तापून फाकली’ असे सहज म्हटले जाते. पोलादाचा स्वभाव पाहता हे पटत नाही. तापमान एका अंशाने वाढले की पोलाद दहा लाखांत सुमारे १२ भाग एवढेच प्रसरण पावते. म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाची नळी ३० अंशांनी तापली, तरी तिचे भोक जेमतेम ०.००४ मिलिमीटरने वाढेल. एवढ्याने गोळी सैल होत नाही.

दोष असतो तो नळीत साचणाऱ्या कीटाचा. काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते. ती जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता क्षारांच्या रूपाने उरतो. त्यातला काही पांढऱ्या धुरातून बाहेर पडतो, तर उरलेला नळीच्या आत बसतो. या क्षारांतील पोटॅशियम कार्बोनेट हवेतील ओल ओढून घेते, पण आर्द्रता सुमारे ४३ टक्क्यांच्या वर असेल तरच.

कोकणच्या हवेत ओल भरपूर असताना कीट दगडासारखे कडक का होते, याचे उत्तर नळीच्या तापमानात आहे. दुपारी हवा ३३ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, आणि ऊन व बार यांमुळे नळी ५५ अंशांपर्यंत तापली असेल, तर तिला भिडलेल्या हवेची आर्द्रता गणिताने २१ टक्क्यांवर येते. कीट वाळते आणि त्याचा पापुद्रा धरतो. रात्री तीच हवा २६ अंशांवर आली की आर्द्रता ९७ टक्क्यांच्या घरात जाते, तेच क्षार पाझरू लागतात आणि सकाळपर्यंत नळीला गंज चढतो. एकाच हवेचे हे दोन परिणाम मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण दुपारची आणि रात्रीची काळजी त्यांवरूनच वेगळी ठरते.

वाळलेल्या कीटाचा पहिला पुरावा गज, म्हणजे गोळी नळीत ठासायची सळई, देतो. माझ्या गजावर गोळी दारूवर नीट टेकल्याची खूण आहे. उन्हात तिसऱ्या-चौथ्या बारानंतर ती खूण नळीच्या तोंडापासून बोटभर वरच राहू लागते. रायफलचे पेच, म्हणजे नळीच्या आतल्या पीळदार खाचा, भरल्यामुळे गोळी अडते, गोळीभोवती गुंडाळलेली चिंधी फाटते आणि गोळीला सारखा पीळ मिळत नाही. शिवाय गोळी आणि दारू यांत पोकळी राहिली तर नळी फुगण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो. अशा वेळी बार उडवूच नये. त्यापेक्षा प्रत्येक बारानंतर, नवी दारू भरण्यापूर्वी, ओलसर चिंधी फिरवून लगेच कोरडी चिंधी फिरवावी.

गोळीच्या चिंधीला लावायच्या वंगणाचाही विचार हवा. खोबरेल साधारण २५ अंशांना वितळते, त्यामुळे आपल्याकडे ते उन्हाळ्यात पातळच असते आणि दारूत उतरून ती ओली करते. मुठेल, म्हणजे कोकमाचे तेल, ४० अंशांच्या आसपास वितळते. मधमाश्यांचे मेण मात्र ६२ अंशांपर्यंत टिकते, म्हणून उन्हाळ्यात वंगणात मेणाचे प्रमाण वाढवावे. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलनेही हाच धडा घेतला. हिंदुस्थानातील उष्णतेत गोळ्या ठासणे कठीण झाल्यावर पुढे त्यांचा व्यास ०.५६८ इंचांवरून ०.५५० इंचांवर आणला गेला आणि वंगणात चरबीऐवजी मेणावर भर दिला गेला.

उन्हाने नळी वाकते ही शंका मात्र अगदीच खोटी नाही. २५ मिलिमीटर जाडीच्या, मीटरभर लांब नळीची एक बाजू दुसरीपेक्षा एका अंशानेच गरम असली, तरी ५० मीटरवर गोळी सुमारे एक सेंटीमीटर सरकते. त्याशिवाय तापलेल्या नळीवरची हवा थरथरते आणि माशी, म्हणजे नेम धरण्यासाठीचा नळीच्या टोकावरचा दाणा, पाण्यात हलावी तशी दिसते. बंदूक सावलीत ठेवली की दोन्ही त्रास कमी होतात.

संध्याकाळची धुलाई उद्यावर टाकू नये. हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून नुसते तेल चोळल्याने गंज थांबत नाही. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळीत कढत पाणी ओतावे, म्हणजे ती तापून स्वतःच लवकर वाळते. मग तेलाचा पातळ हात द्यावा. पहिली चिंधी काळी येते, गंधकाचा वास येतो, पुढची राखाडी येते. ती पांढरी बाहेर येईपर्यंत थांबू नये.