राजासारखा दिसणारा आणि राजाचा जुळा: ‘झेंडा’ आणि ‘लोखंडी मुखवटा’ यांतली गल्लत

डिकॅप्रिओचा ‘द मॅन इन द आयर्न मास्क’ पाहिल्याचं सांगताना एका मित्राने विचारलं, “शेवटी तो राज्य परत देऊन निघून जातो, तोच ना?” तो नव्हे. राज्य परत देऊन जातो तो रुडॉल्फ रासेन्डिल, ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’चा नायक. मित्राचीही फारशी चूक नाही. दोन्हीकडे राजासारखा हुबेहूब दिसणारा माणूस आहे, किल्ल्यात कोंडलेला कैदी आहे, अदलाबदल आहे, तलवारी आहेत. शिवाय पडद्यावर दोन्हीकडे एकाच नटाचा डबल रोल. पण मूळ पुस्तकं वाचली की कळतं, या दोन गोष्टी जवळजवळ उलट दिशांना जातात. त्यांना एकमेकींसारखं बनवलं ते सिनेमाने.

मराठी वाचकाला फरक एका शब्दाने समजेल: तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेला तोतया आणि १७७६ सालचं कोकणातलं त्याचं बंड आपल्याला ठाऊक आहे. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटकच लिहिलं. तोतया म्हणजे जो नाही तो म्हणून वावरणारा. या अर्थाने रासेन्डिल तोतया आहे, आणि ते त्याला पुरतं माहीत आहे. ‘लोखंडी मुखवटा’ लिहिणाऱ्या फ्रेंच कादंबरीकार ड्यूमाचा कैदी फिलिप मात्र तोतया नाही. तो राजाचा सख्खा जुळा भाऊ, त्याच आईबापांचा मुलगा. जन्मल्यापासून दडवून ठेवला, एवढाच त्याचा गुन्हा.

आधी ‘झेंडा’. (हे गावाचं आणि तिथल्या गढीचं नाव आहे, आपल्या झेंड्याशी संबंध नाही.) लेखक अँथनी होप लंडनमध्ये वकिली करत होता. कादंबरी आली १८९४ साली, आणि तिचं यश पाहून त्याने वकिली सोडली. रुरिटेनिया नावाचा मध्य युरोपातला देश त्याने कल्पनेतून उभा केला आणि तो इतका खरा वाटला की इंग्रजीत ते नाव अशा कुठल्याही छोट्या कल्पित राजेशाहीसाठी वापरलं जाऊ लागलं. रासेन्डिल हा खाऊनपिऊन सुखी, काही न करणारा इंग्रज. राज्याभिषेकाची मजा बघायला तिथे जातो. लाल केस, लांब सरळ नाक ही तिथल्या राजघराण्याची खूण त्याच्याही चेहऱ्यावर आहे, कारण १७३३ साली लंडनला आलेल्या एका राजपुत्राचं रासेन्डिल घराण्यातल्या एका स्त्रीशी प्रकरण झालं होतं. राज्याभिषेकाच्या आदल्या रात्री राजाचा सावत्र भाऊ मायकेल त्याला गुंगीचं औषध घातलेली दारू पाजवतो. राजा उठतच नाही. मग म्हातारा कर्नल सॅप्ट रासेन्डिलकडे बघतो, आणि दुसऱ्या दिवशी मुकुट चढतो तो एका परक्याच्या डोक्यावर.

एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. ही कादंबरी लिहिली गेली तेव्हा ‘ऐतिहासिक’ नव्हतीच. रासेन्डिल रुरिटेनियाला जातो तो आगगाडीने. तारा येतात-जातात, खिशात रिव्हॉल्व्हर असतं. तरीही गढीच्या खंदकावरच्या पुलावर लढाई होते ती तलवारीने. होपच्या वाचकाला हा मेळ हवाहवासा वाटला, कारण तो त्याच्या स्वतःच्या काळात घडत होता: सकाळी स्टेशनवर तिकीट काढायचं आणि रात्री खंदक पोहून जायचा.

मला सगळ्यात आवडतो तो लोखंडी टेबलाचा प्रसंग. मायकेलची तीन माणसं रासेन्डिलला रात्री बागेतल्या एका छोट्या घरात गाठतात. बाहेर पिस्तुलं रोखून उभी आहेत, दार एकच. आत चहाचं एक लोखंडी टेबल आहे. तो ते पायांशी धरून ढालीसारखं पुढे करतो, दार उघडतो आणि पायऱ्यांवरून तिघांच्या अंगावर थेट धाव घेतो. गोळ्या टेबलावर आपटतात, चौघेही टेबलासकट खाली कोसळतात, आणि तो उठून भिंतीकडे पळत सुटतो. चहाचं टेबल आणि जिवाची बाजी एकाच वाक्यात बसवणं हे होपचं खरं कसब.

गढीतला बेतही तितकाच नेमका आहे. मायकेलने पळवून नेलेला खरा राजा ज्या कोठडीत आहे तिच्या खिडकीतून एक जाड नळ तिरका खंदकात उतरवलेला असतो. बाहेरून हल्ला झालाच तर राजाला मारायचं, प्रेताला वजन बांधून नळातून पाण्यात सोडायचं, मारेकऱ्यानेही त्याच वाटेने निसटायचं. पुरावा उरणार नाही. म्हणून उघड हल्ला करता येत नाही आणि म्हणूनच पोहत जाऊन गुपचूप आत शिरावं लागतं. साहसकथेत अडचण एवढी पक्की बांधलेली असली की सुटकेला वजन येतं.

आणि शेवट. रासेन्डिलचं राजाच्या वाग्दत्त वधूवर, राजकन्या फ्लावियावर प्रेम बसलेलं असतं, तिचंही त्याच्यावर. राजा सुटतो, ती राज्यासाठी मागे राहते, हा निघून जातो. पुढे दरवर्षी त्याचा मित्र फ्रिट्झ ड्रेस्डेनला येऊन त्याला एक छोटी पेटी देतो. आत एक लाल गुलाब आणि चिठ्ठी, चिठ्ठीवर तीन शब्द: रुडॉल्फ, फ्लाविया, सदैव.

आता ड्यूमा. पहिली गंमत अशी की ‘लोखंडी मुखवटा’ नावाची स्वतंत्र कादंबरी त्याने लिहिलीच नाही. ‘थ्री मस्केटिअर्स’च्या मालिकेतलं तिसरं आणि अवाढव्य पुस्तक म्हणजे ‘व्हिकोंत द ब्राजलोन’. ते १८४७ ते १८५० या काळात वर्तमानपत्रात क्रमशः आलं आणि त्यात ओग्युस्त माके हा त्याचा सहकारी होता. इंग्रजी प्रकाशकांनी त्याचे तुकडे केले आणि शेवटच्या तुकड्याला कैद्याचं नाव दिलं. त्यामुळे पुस्तक हातात घेणाऱ्याला वाटतं की ही फिलिपची गोष्ट असणार. ती नाही. फिलिपचं प्रकरण या शेवटच्या भागातही बरंच आधी संपतं. उरलेलं पुस्तक आथोस, पोर्थोस, आरामिस आणि दार्तान्यां या चार जुन्या मस्केटिअर मित्रांच्या शेवटाचं आहे.

अदलाबदलही बघा. बेत आरामिसचा. १६६१ साली अर्थमंत्री फुकेने आपल्या व्हो इथल्या वाड्यात फ्रान्सच्या राजाला, चौदाव्या लुईला दिलेली मेजवानी ही खरी घटना आहे. ड्यूमा त्याच रात्री लुईचा पलंग जमिनीखाली उतरवतो, लुईला पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगात पाठवतो आणि फिलिपला त्याच्या जागी आणतो. पण फुकेला हे कळतं तेव्हा तो आनंदत नाही, हादरतो. हाच राजा त्याला बुडवायला निघालाय, तरी आपल्या छताखाली आलेल्या पाहुण्याशी दगा झाला हे त्याला सहन होत नाही. घोडा फेकत तो बॅस्टिलला जातो आणि लुईला सोडवून आणतो. फिलिपची कारकीर्द पुरता एक दिवससुद्धा टिकत नाही. दोन्ही भाऊ आईसमोर उभे राहतात, दार्तान्यां फिलिपच्या खांद्यावर हात ठेवतो, आणि लुईचा हुकूम निघतो: तोंडावर लोखंडी मुखवटा, कायमची कैद.

रासेन्डिलच्या गुलाबाशेजारी ठेवावी अशी एक वस्तू इथेही आहे, चांदीची ताटली. फिलिपला कोंडलेल्या साँत मार्गरित बेटावर आथोस आणि त्याचा मुलगा राऊल फिरत असताना वरच्या खिडकीतून ती येऊन पडते. तिच्यावर सुरीच्या टोकाने कोरलेलं असतं की मी फ्रान्सच्या राजाचा भाऊ आहे. हे वाचणाऱ्याचा जीव धोक्यात, म्हणून दार्तान्यां तुरुंगाधिकाऱ्याला सांगतो की हे दोघे स्पॅनिश आहेत, त्यांना फ्रेंच वाचताच येत नाही. ही ताटलीची दंतकथा ड्यूमाच्या आधी व्हॉल्तेरने लिहून ठेवली होती. लोखंडी मुखवटा आणि राजाचा भाऊ या दोन्ही गोष्टी लोकांच्या मनात ठसवल्या त्याही त्यानेच. कागदपत्रांतला खरा कैदी १६६९ साली पकडलेला, बहुधा युस्ताश दोजे नावाचा माणूस होता. बॅस्टिलमध्ये त्याच्या तोंडावर असायचा तो काळा मखमली मुखवटा.

मग या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या कुठे? रंगभूमीवर फारशा नाहीत. होपच्या कथेत राजा आणि त्याचा तोतया पहिल्या रात्रीनंतर थेट शेवटीच समोरासमोर येतात, मधला सगळा काळ राजा कोंडलेला. नाटकवाल्याला याहून सोयीचं काय हवं? एडवर्ड रोझचं नाटक १८९५ मध्ये न्यूयॉर्कला आणि पुढच्या वर्षी लंडनला लागलं आणि खूप चाललं. १७३३ च्या प्रकरणावर त्याने सुरुवातीला वेगळा प्रवेशच घातला. मुखवट्याची नाटकं फ्रेंचमध्ये ड्यूमाच्या कादंबरीआधीपासून होत होती. व्हिक्टर ह्यूगोनेही १८३९ मध्ये जुळ्यांवर नाटक लिहायला घेतलं होतं, ते अपुरं राहिलं. खरी अडचण अशी की त्या गोष्टीचा जीव दोन भाऊ समोरासमोर येण्यात आहे आणि रंगमंचावर एक नट दोन ठिकाणी उभा राहू शकत नाही.

कॅमेऱ्याने ती अडचण सोडवली. कॅमेरा जागचा हलू द्यायचा नाही, चौकटीचा अर्धा भाग झाकायचा, नटाने एका बाजूला काम करायचं. मग फिल्म मागे गुंडाळून दुसरा अर्धा भाग झाकायचा आणि त्याच नटाने दुसऱ्या वेशात उभं राहायचं. १९३९ च्या ‘आयर्न मास्क’मध्ये दोन्ही भाऊ झालेल्या लुई हेवर्ड या नटाला बोलायला समोर कुणीतरी हवं, म्हणून एका नवख्या इंग्रज नटाला घेतलं होतं. त्याने समोर उभं राहून सगळे संवाद म्हणायचे आणि पडद्यावर त्याची बाजू कापली जाणार. तो पीटर कुशिंग, पुढे भयपटांमुळे जगभर ओळखला गेलेला. त्याच चित्रपटात त्याला एक छोटी भूमिकाही मिळाली.

‘झेंडा’चे चित्रपट पुस्तकाशी प्रामाणिक राहिले. १९१३ आणि १९२२ चे मूकपट झाले, पण माझ्या मते सगळ्यांत सरस १९३७ चा. दुहेरी भूमिकेत रोनाल्ड कोलमन आणि गोडगोड हसत सुरा खुपसणाऱ्या, मायकेलच्या साथीदार रूपर्टच्या भूमिकेत धाकटा डग्लस फेअरबँक्स. कर्नल सॅप्ट झालेला सी. ऑब्रे स्मिथ तरुणपणी याच गोष्टीच्या नाटकात होता. इंग्लंडच्या आठव्या एडवर्डने प्रेमासाठी गादी सोडली ती डिसेंबर १९३६ मध्ये, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी हा चित्रपट आला, ज्यात राजकन्या गादीसाठी प्रेम सोडते. १९५२ चा रंगीत चित्रपट बहुतेक जुन्याच पटकथेवरून, कित्येक ठिकाणी दृश्यागणिक उतरवलेला आहे. जेम्स मेसनचा रूपर्ट सोडला तर तो नाही पाहिला तरी चालेल. आपल्याकडे शरदिंदु बंद्योपाध्यायांनी ही कथा ‘झिंदेर बंदी’ या बंगाली कादंबरीत एका भारतीय संस्थानात आणली. तपन सिन्हांनी १९६१ मध्ये तिच्यावर चित्रपट केला: उत्तमकुमार दुहेरी भूमिकेत, सौमित्र चॅटर्जी खलनायक. या इंग्रजी चित्रपटांत राजा गादीवर परततो आणि परका निघून जातो.

मुखवट्याचं उलट झालं. १९२९ मध्ये थोरल्या फेअरबँक्सने लुईला सज्जन ठेवलं आणि दुष्टपणा लपवलेल्या जुळ्याच्या माथी मारला. १९३९ मध्ये बाजू पालटल्या: लुई दुष्ट, फिलिप दार्तान्यांने वाढवलेला गुणी मुलगा, आणि शेवटी गादी फिलिपची. १९९८ चा डिकॅप्रिओही याच वाटेने गेला. म्हणजे या चित्रपटांच्या हिशोबाने १७१५ पर्यंत राज्य करणारा सूर्यराजा खरा लुई नव्हताच. ड्यूमाचं अपयश पडद्यावर यश झालं. चांगला हुबेहूब, किल्ल्यातून सुटका हा साचा ‘झेंडा’चा, तोच ड्यूमाच्या अंगावर चढवला. तिथूनच माझ्या मित्राच्या डोक्यात दोन्ही शेवट एक झाले. मला याचं वाईट वाटतं ते फुकेसाठी. त्याचा तो घोडा फेकत जाणं, शत्रू झालेल्या राजालाही पाहुणा म्हणून सोडवणं, हा पुस्तकातला सर्वांत मोठा क्षण सुखान्तापायी पहिल्यांदा गळतो.

होपने १८९८ मध्ये पुढचा भाग लिहिला, ‘रूपर्ट ऑफ हेंट्झाऊ’. त्यात रूपर्टच्या हातून राजा मरतो आणि गादी रासेन्डिलपुढे पुन्हा येऊन उभी राहते. तो होकार देणार की नकार, हे कळायच्या आतच त्याला गोळी लागते. रुरिटेनियाचे लोक त्याला राजा समजूनच राजांच्या थडग्यांत पुरतात. बॅस्टिलमधला तो मखमली मुखवट्याचा कैदी १९ नोव्हेंबर १७०३ रोजी वारला. दुसऱ्या दिवशी त्याला पॅरिसच्या साँ पॉल दफनभूमीत पुरलं, तेव्हा तिथल्या वहीत नाव लिहिलं गेलं मार्शियोली, त्याचं नसलेलं.