पार्श्वभूमी : अमेरिकेतल्या मूलनिवासींची भयकथा

नवं घर, सुखी गोरं कुटुंब आणि घराखाली ‘रेड इंडियनां’ची दफनभूमी. १९७७च्या ‘द अ‍ॅमिटिव्हिल हॉरर’ या पुस्तकानंतर हा साचा अमेरिकी भयकथेत इतका रुळला, की त्यात जिवंत मूलनिवासी कधी दिसतच नाही, हे कुणाला खटकलंही नाही. ज्यांची जमीन गेली तेच भूत ठरले आणि बळकावणारे बिचारे.

विंडिगोचंही तेच झालं. उत्तर अमेरिकेतल्या अनिशिनाबे आणि क्री या मूलनिवासी लोकांच्या कथांत तो कडाक्याच्या हिवाळ्यातल्या उपासमारीचा राक्षस. माणसं खाईल तसतसा वाढतो आणि भूकही वाढतच जाते. दुष्काळात एकट्याने ओरपू नये, असलेलं वाटून खावं, हा धाक त्यामागे आहे. इंग्रज लेखक अल्जर्नन ब्लॅकवुड याने १९१०मध्ये त्याच्यावर गाजलेली कथा लिहिली. तिच्यात जंगलातली दहशत उरली, वाटून खाण्याचा दंडक गळून गेला.

मूळ सांगणाऱ्यांची तोंडं तर कायद्यानेच बंद केली होती. कॅनडात पॉटलॅच या मूलनिवासींच्या मेजवानी देण्याच्या आणि भेटी वाटण्याच्या समारंभावर १८८५ ते १९५१ बंदी होती. अमेरिकेत मूलनिवासींच्या पारंपरिक धर्माचरणाला कायद्याचं संरक्षण मिळायला १९७८ उजाडलं. घरापासून तोडून निवासी शाळांत घातलेल्या मूलनिवासी मुलांची भाषाच तोडली गेली. आजीची गोष्ट नातवापर्यंत पोचणार कशी?

तरीही ती पोचली. मूलनिवासी लेखिका ईडन रॉबिन्सन यांची ‘मंकी बीच’ ही कादंबरी २०००मध्ये आली. अनिशिनाबे लेखक वॉबगेशिग राइस यांच्या ‘मून ऑफ द क्रस्टेड स्नो’ या २०१८च्या कादंबरीत उत्तरेकडच्या अनिशिनाबे वस्तीची वीज जाते, बर्फ साचतो, अन्न आटत जातं आणि बाहेरून एक गोरा माणूस आसरा मागत येतो. विंडिगोचा दंडक इथे पुन्हा जागेवर आला, असं मला ठामपणे वाटतं.

ब्लॅकफीट जमातीचे लेखक स्टीफन ग्रॅहम जोन्स यांच्या ‘द ओन्ली गुड इंडियन्स’मध्ये (२०२०) चार मित्र वडीलधाऱ्यांसाठी राखलेल्या रानात एल्क (मोठ्या जातीची हरणं) मारतात. त्यातली एक मादी गाभण असते. काही वर्षांनंतर ती सूड घ्यायला येते. शिकारीचा नियम मोडल्याची ही शिक्षा ब्लॅकफीट वाचकाला वेगळी समजावून द्यावी लागत नाही. शीर्षकाला आधार आहे तो अमेरिकी लष्कराचा जनरल शेरिडन याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ‘चांगला इंडियन म्हणजे मेलेला इंडियन’ या कुप्रसिद्ध वाक्याचा. याच शेरिडनच्या हुकमतीखालच्या फौजेने २३ जानेवारी १८७० रोजी मोंटानात मरायस नदीकाठी ब्लॅकफीटांची छावणी कापून काढली. मेलेल्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. जोन्स यांची २०२५ची व्हॅम्पायर कादंबरी याच हत्याकांडावर उभी आहे.