मामांचा अंगठा आणि गोळीचं वजन

विट्याच्या घरी मामा कुलपाला किल्ली लावतात तेव्हा आधी डाव्या हाताने उजवं मनगट धरतात. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आता अडुसष्टी गाठली, नेमबाजीची ओढ मात्र तशीच आहे. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय. तिथे बोराएवढा उंचवटा हाताला लागतो. गेल्या हिवाळ्यात रेंजवर आपल्या ०.३२ (नळीचं इंचातलं माप) रिव्हॉल्व्हरने सहा गोळ्या मारल्या आणि रात्रभर हात उशीवर ठेवून जागे राहिले. सकाळी सकाळी मला फोन. "तू फिजिक्स शिकवतोस ना? मग सांग, हे सोडायचं का आता?"

सोडायची गरज नव्हती, हिशेब करायची होती. तो इथे मांडतो, कारण फौजी परंपरेच्या आपल्या सातारा-सांगली भागात बंदुकीची सवय असलेले आणि सांधे कुरकुरायला लागलेले हात पुष्कळ आहेत.

हाताला बसणारा धक्का येतो कुठून? काडतुसातली दारू पेटते, वायू गोळीला पुढे ढकलतो आणि तेवढ्याच नेटाने हत्याराला मागे रेटतो. गोळीचं वजन गुणिले वेग म्हणजे तिचा संवेग. तेवढाच संवेग उलट दिशेने हातात येतो. जळालेल्या दारूचा वायूही नळीतून सुसाट निघतो, त्याची थोडी भर पडते.

गोळीचं वजन खोक्यावर ग्रेनमध्ये छापलेलं असतं. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मं. विट्याचे गलाई कारागीर देशभर सोनं गाळतात, त्यामुळे हे माप मामांना लगेच उमगलं. ९८ ग्रेनची गोळी म्हणजे बावन्न गुंजा, अर्ध्या तोळ्याहून किंचित जास्त.

आता ग्रॅममधल्या वजनाला सेकंदाला किती मीटर या वेगाने गुणू. एअर पिस्तुलाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग १५० च्या आसपास: ७५. पिस्तुलातून मारलेली ०.२२ ची ४० ग्रेनची गोळी २.६ ग्रॅमची, वेग सुमारे ३००: ७८०. मामांचं काडतूस ०.३२ एस अँड डब्ल्यू लाँग या जातीचं, गोळी सव्वासहा ग्रॅमहून थोडी जड, वेग सुमारे २२०: १,४००. आणि ९ मिलिमीटर, जे आपल्याकडे सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही, ते २,८०० च्या घरात. म्हणजे ०.३२ वरून ०.२२ वर आलं की संवेग जवळजवळ निम्मा होतो.

खरी गंमत याच्या पुढे आहे. मनगटाला जी ऊर्जा पचवावी लागते ती संवेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते आणि हत्याराच्या वजनाप्रमाणे घटते. ७०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून ०.३२ मारलं तर सुमारे १.४ ज्यूल, ११०० ग्रॅमच्या स्पर्धेच्या पिस्तुलातून ०.२२ मारलं तर ०.३ ज्यूलच्याही आत. पाचवा हिस्सा! हलकं हत्यार हाताला सोपं जाईल ही समजूत इथेच फसते. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी ५०० ग्रॅमचं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर आणलं. पर्समध्ये ते सहज मावतं, पण काडतूस तेच ०.३२ चं, त्यामुळे ७०० ग्रॅमच्या तुलनेत धक्क्याची ऊर्जा १.४ पट. दुखऱ्या हातासाठी मी ते सुचवणार नाही. अर्थात खांदा अधू असेल तर ११०० ग्रॅमचं पिस्तूल एका हाताने तोलून धरणंही जड जातं. अशांनी दोन्ही हातांनी धरावं किंवा टेबलावर टेकू घ्यावा.

एकाच बोअरमध्येही, म्हणजे नळीच्या त्याच मापातही, निवड असते. ज्यांच्याकडे ०.२२ नाही त्यांनी चपट्या तोंडाची, संथ 'वॅडकटर' काडतुसं मिळतात का ते पाहावं. ती खास कागदी लक्ष्यासाठी असतात, भोक स्वच्छ पाडतात आणि दारू बेताची असते. रिव्हॉल्व्हरला अशी सौम्य काडतुसं चालतात. अर्धस्वयंचलित पिस्तुलाचं तसं नाही. त्याची स्लाइड, म्हणजे पुढचं काडतूस भरणारा वरचा सरकता भाग, धक्क्याच्याच जोरावर मागे जाते, काडतूस फारच मवाळ निघालं तर ती अर्ध्यात अडकते. आणि एखादा बार फुसका वाजला तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटते. स्वस्तात पडतं म्हणून घरी काडतुसं भरण्याचा विचार मनात आणू नका. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, आणि धोका वेगळाच.

मामांचा हात मी जवळून पाहिला तेव्हा मात्र लक्षात आलं, की निम्मं दुखणं धक्क्याचं नव्हतंच. चिमटीत एक किलोचा जोर लावला की अंगठ्याच्या मुळातल्या सांध्यावर सुमारे बारा किलोचा दाब येतो. रिव्हॉल्व्हरचा घोडा मामा प्रत्येक वेळी त्याच अंगठ्याने मागे ओढत होते. न ओढता सरळ चाप दाबावा तर पाचेक किलोचा जोर लागतो, तोही सुजलेल्या तर्जनीने. आता ते घोडा डाव्या अंगठ्याने चढवतात. मूठही बदलली: लाकडी, थोडी जाड, तळहात भरून टाकणारी. धक्का जास्त जागेवर पसरतो. हात जितका वर, नळीच्या रेषेजवळ, तितकी नळी कमी उसळते आणि मनगट कमी मुरगळतं.

हंगेरीच्या कारोली ताकाच यांचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्बने निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने शिकायला घेतलं आणि १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं. हे सांगितल्यावर मामा बराच वेळ आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले.

सध्या रेंजवर ते प्रशिक्षकांचं ०.२२ वापरतात. पहिल्या दिवशी दहाच गोळ्या, एका वेळी एकच भरून. सांध्यावर वेदनाशामक घेऊन जायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलंय. दुखणं झाकलं की हात मर्यादा ओलांडतो. मामांनी एक वही केलीय. डावीकडे काडतूस आणि गोळ्यांची संख्या, उजवीकडे दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टाची बटणं लावायला किती त्रास झाला ते. परवाच्या नोंदीत लिहिलंय: "२५ गोळ्या. बटणं पाचही लावली. मामीला हाक मारली नाही."